मूठभर तांदळाच्या शाळेतून आलेल्या ताई

पणजीत मुष्टिफंड नावाची एक जुनी शिक्षणसंस्था आहे. गोव्याबाहेरच्या माणसाला हे नाव जरा चमत्कारिक वाटतं, पण अर्थ अगदी साधा आहे: मुठीमुठीनं जमवलेला निधी. घरात रांधायला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची आणि गावभरची अशी मडकी रिकामी करून आलेल्या पैशांवर एखादं चांगलं काम चालवायचं, ही आपल्याकडची जुनी चाल. सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेत भरत होत्या, तेव्हा गोव्यात मराठी शिकायची सोय असल्याच लोकवर्गणीवर उभी राहिली. पेडण्याच्या बांदोडकरांची थोरली मुलगी शशिकला या मुष्टिफंडाच्या शाळेत शिकली. पुढे ती गोवा, दमण आणि दीवची मुख्यमंत्री झाली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिक्षणमंत्री झाली, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर प्राथमिक शाळेच्या भाषेसाठी मोर्चाच्या पुढे उभी राहिली. गोव्यात नुसतं ‘ताई’ म्हटलं की तिचीच आठवण निघते.

ताईंबद्दल लिहिताना बहुतेक जण ‘भाऊंची लेक’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. भाऊ म्हणजे दयानंद बांदोडकर, मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. गादी बापाकडून लेकीकडे आली हे खरंच आहे, ते कुणी नाकारत नाही. पण गादी मिळाल्यावर तिचं केलं काय, हे पाहायचं तर बांदोडकरांच्याही मागे जावं लागतं. कुळाची जमीन, दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्या मुंडकाराचं घर आणि गावची मराठी शाळा या तीन गोष्टींपर्यंत.

आरोंद्याच्या किरणपाणीवरून तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे पेडणे तालुका लागतो. आम्हा सावंतवाडीकडच्यांना तो कधी परका वाटला नाही. देव तेच, आडनावं तीच, दशावतारही तोच. याला कारण इतिहास. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकापासून होते; पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या हाती गेलं ते १७८८ मध्ये. जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या त्या तालुक्यांत, देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, १६८४ मध्ये तर लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूमही निघाला. मागाहून मिळवलेल्या नव्या काबिजादीपर्यंत पोर्तुगीज पोहोचले तोवर त्यांचा तो जोर ओसरला होता. त्यामुळे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत देऊळ राहिलं, देवळाबरोबर कीर्तन आणि भजन राहिलं, आणि त्यांच्याबरोबर मराठी राहिली. घरात कोंकणी, पोथीत मराठी. पुढे गोव्यात भाषेवरून जे काही पेटलं त्याची मुळं या घरगुती वाटणीत आहेत.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना निदान कागदावर तरी समान नागरिकत्व मिळालं. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मराठी शाळा, वाचनालयं, नाट्यमंडळ्या भराभर निघाल्या. मग सालाझारची हुकूमशाही आली. सभा बंद, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नसे. शशिकलाचा जन्म या काळातला, ७ जानेवारी १९३५ चा. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

शाळा संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्या वेळी गोव्यातल्या प्रत्येक शिकणाऱ्या मुलासमोर होता, मुलींसमोर तर अधिकच. वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, लिसेव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय होतं, पण कला शाखेची पदवी देणारं कॉलेज अख्ख्या गोव्यात नव्हतं. ते आलं मुक्तीनंतर, १९६२ मध्ये. त्याआधी पदवी हवी असेल तर धारवाड, बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. शशिकला धारवाडला बी.ए. झाली आणि एम.ए.साठी मुंबईला गेली. वडिलांचा खाणीचा धंदा होता, त्यामुळे हे जमलं. पेडण्यातल्या बाकीच्या मुलींची मजल चौथीच्या पुस्तकापर्यंत, आणि तेही गावात मास्तर असला तर.

बांदोडकर पैसेवाले होते, पण ते ज्या गोमंतक मराठा समाजातून आले त्याची प्रतिष्ठा पैशानं ठरत नव्हती. देवळांच्या सेवेशी पिढ्यान्पिढ्या बांधलेला हा समाज. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका याच समाजानं देशाला दिल्या, आणि तरीही गावातल्या वरच्या आळीत त्यांना पंगतीला कुठे बसवायचं हे ठरलेलं असे. या समाजातला माणूस १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाला आणि दहा वर्षांनी त्याची मुलगी त्या खुर्चीवर बसली. यात गोव्यातल्या किती जणांना किती गोष्टी गिळाव्या लागल्या असतील, त्याचा अंदाज आज बांधणंही अवघड आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निघाला, त्याला सगळे मगो म्हणतात, निशाणी सिंह. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि २० डिसेंबरला बांदोडकरांनी शपथ घेतली. पक्षाची एक मागणी त्याच्या नावातच होती: गोवा महाराष्ट्रात विलीन करा. पण पक्षाला मतं मिळाली ती केवळ त्या मागणीमुळे नव्हेत. मतं देणारा होता कूळ, मुंडकार, नारळ पाडणारा पाडेली, माडी काढणारा रेंदेर, खाणीवरचा मजूर. त्याला महाराष्ट्रात कसेल त्याची जमीन होताना दिसत होती आणि तसंच इथेही व्हावं असं वाटत होतं.

विलीनीकरणाचा निकाल १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लागला. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती: विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला. गंमत अशी की विलीनीकरणाविरुद्धची लढाई बऱ्याच अंशी मराठीतच लढली गेली. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक त्या बाजूला उभं होतं आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक वाट पाहून वाचत. हे भेंब्रे पुढे पुन्हा येणार आहेत, तेव्हा नाव लक्षात ठेवा.

कौल हरला आणि तीनच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगो पक्ष पुन्हा जिंकला. लोकांना बांदोडकर हवे होते, मुंबई नको होती. मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांना हा हिशेब त्या वेळी सुटला नाही. खरं सांगायचं तर आमच्या बाजूच्या पुष्कळांना तो अजून सुटलेला नाही.

या दहा वर्षांत बांदोडकरांनी सगळ्यात मोठं काम केलं ते गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचं. शाळा म्हणजे इमारत असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी ती देवळाच्या सभामंडपात भरे, कुठे कुणाच्या माडीवर, कुठे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, रिकाम्या कोठारात. शिक्षक हवे होते आणि गोव्यात ते पुरेसे नव्हते. मग सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण अशा आमच्या बाजूनं गुरुजी लोक पत्र्याची ट्रंक घेऊन नदी ओलांडू लागले.

असे एक गुरुजी माझ्या आजोळच्या वाडीत होते. सत्तरीतल्या एका खेड्यात त्यांनी पहिली काही वर्षं काढली. ते सांगायचे, पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, हे काय? अख्खा वर्ग ओरडला, “सुणें!” गुरुजींना अपेक्षित होतं कुत्रा. पाण्याचं चित्र दाखवलं तर “उदक!” गुरुजी मालवणी बोलणारे, त्यांना ते शब्द ओळखीचे होते, पण पुस्तकात ते नव्हते. मग त्यांनी फळ्याचे खडूनं दोन भाग केले, एकीकडे सुणें, दुसरीकडे कुत्रा, आणि दोन्ही शब्द पोरांकडून गिरवून घेतले. तपासनीस आले की डावी बाजू पुसायची. ते गेले की पुन्हा लिहायची. भाषेच्या वादावर त्यांनी आयुष्यात एकही लेख वाचला नसेल.

फळ्याची ही पुसलेली डावी बाजू हाच पुढे कोंकणीवाद्यांचा आक्षेप झाला. गावच्या मुलाची मातृभाषा कोंकणी असताना त्याला मराठी शाळेत घालून तुम्ही मराठीची आकडेवारी फुगवता, असं ते म्हणत. मराठीवाद्यांचं उत्तर असे की शतकानुशतकं आमचा देव, आमचं भजन, आमचा जमाखर्च मराठीत चालत आलाय, ती आम्हाला परकी कशी? दोन्ही बाजूंचं खरं होतं, आणि भांडण चिघळलं ते नेमकं त्यामुळेच.

१९६३ मध्ये गुरुदत्त काकोडकर यांच्याशी लग्न झाल्यावर बांदोडकरांची शशिकला शशिकला काकोडकर झाली. वडिलांच्या शैक्षणिक आणि सामाजिक विश्वस्त संस्थांची कामं ती पाहू लागली. १९७२ च्या निवडणुकीनंतर ती वडिलांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाली. आणि १२ ऑगस्ट १९७३ ला बांदोडकर हृदयविकारानं अचानक गेले. त्यानंतर तिच्याकडे मुख्यमंत्रिपद आलं. वय अडतीस.

तोवर भारतात दोनच स्त्रिया मुख्यमंत्री झाल्या होत्या, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओडिशात नंदिनी सत्पथी. शशिकला काकोडकर तिसऱ्या. गोव्यात त्यांच्यानंतर आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. महाराष्ट्राचं तर विचारूच नका. तिथली पाटी अजून कोरी आहे.

ताईंच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९७५ आणि ७६ ही दोन वर्षं. त्यासाठी मुंडकार म्हणजे काय हे समजून घ्यावं लागेल, कारण आमच्या बाजूच्या वाचकाला कूळ माहीत असतं, मुंडकार नसतो.

कूळ दुसऱ्याची शेती कसतो. मुंडकार दुसऱ्याच्या भाटात घर बांधून राहतो. भाट म्हणजे नारळी-सुपारीची बागायत, तिचा मालक तो भाटकार. भाटकारालाही कुणीतरी राहायला हवंच असायचं, कारण माडांची राखण कोण करणार, पडलेला नारळ कोण उचलून ठेवणार, सणाला वाड्यावर राबायला कोण येणार? जागेचं भाडं बहुधा नसे. पण भाड्यापेक्षा जड असं काहीतरी असे. झावळ्यांच्या छपराच्या जागी मंगळुरी कौलं घालायची तर भाटकाराला विचारा. मातीची भिंत पाडून चिऱ्याची बांधायची, विचारा. विहीर खणायची, विचारा. मुलाचं लग्न झालं, एक खोली वाढवायची, विचारा. आणि निवडणुकीत भाटकाराच्या माणसाला मत दिलं नाही असा नुसता संशय आला तरी चंबूगबाळं उचला. चार पिढ्या ज्या जोत्यावर जन्मल्या आणि मेल्या, ते जोतं आपलं नाही, ही जाणीव मुंडकाराच्या पाठीत कायमची वाकलेली असे.

१९७५ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुंडकार (घरातून हुसकावण्यापासून संरक्षण) कायदा आला. मुंडकाराला घराबाहेर काढता येणार नाही. एवढंच नव्हे, तर घर आणि त्याच्या भोवतालची जागा तो विकत घेऊ शकेल: पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटर, नगरपालिका क्षेत्रात दोनशे. तीनशे चौरस मीटर म्हणजे किती? घर, पुढे तुळस, मागे परसू, एक विहीर, चार माड आणि गुरांसाठी एक गोठा. कौलं घालताना कुणाला विचारायला नको इतकी जागा.

पुढच्या वर्षी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली. बांदोडकरांनी १९६४ मध्ये कूळ कायदा आणून कुळाला संरक्षण दिलं होतं, खंडाला मर्यादा घातली होती, पण जमीन मालकाचीच राहिली होती. पाचव्या दुरुस्तीनं २० एप्रिल १९७६ हा कृषकदिन ठरवला आणि त्या दिवशी जो कसत होता तो जमिनीचा मालक मानला जाईल असं ठरवून टाकलं. किंमत मामलेदार ठरवणार, कूळ हप्त्यांनी फेडणार. वडिलांनी अर्ध्यावर आणलेलं काम मुलीनं पुरं केलं, असं म्हणायला हरकत नाही. भाटकार अर्थात कोर्टात गेले. दुरुस्तीचा जीव कोर्टात अनेक वर्षं टांगणीला लागला आणि शेवटी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली.

या कायद्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्याच्या खाडीकाठची खाजन शेती उभी असते ती बांधावर आणि मानशीवर. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, हे काम ते करतं. पूर्वी बांधाची देखभाल कोमुनिदाद, म्हणजे गावकीची सामाईक संस्था, आणि भाटकार पाहत. जमीन कुळांकडे गेल्यावर ती कुळांच्या संघांकडे आली. मानशीत भरपूर मासा सापडतो, त्यामुळे मानशीचा लिलाव हे भाताहून किफायतशीर प्रकरण झालं. मासा हवा असेल तर खारं पाणी आत हवं, भात हवं असेल तर बाहेर. कित्येक ठिकाणी मासा जिंकला, बांध फुटले, आणि ज्या शेताचा मालक व्हायला कुळाच्या बापानं जन्म घालवला ते शेत खारफुटीखाली गेलं. कायदा करणाऱ्यांनी हे पाहिलं नव्हतं का? पाहिलं असेलही. पण १९७६ मध्ये बांधाचा प्रश्न विचारणारा माणूस भाटकाराचा वकील ठरला असता.

मुंडकारांचीही गोष्ट संपलेली नाही. कायद्यानं हक्क दिला, पण तो नावावर चढवायचा तर मामलेदाराच्या कचेरीत केस घालावी लागते, आणि तिथे तारखा पडत राहतात. अर्ज करणारा आजोबा गेला, नातू तारखेला जातो, अशी घरं पेडणे-बार्देशात कुठेही दाखवता येतील.

किनाऱ्यावर मात्र ताईंच्या सरकारला अवघड गेलं. यांत्रिक ट्रॉलर आले आणि रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात काही येईनासं झालं. रापण म्हणजे पन्नास-साठ माणसांनी दोन्ही बाजूंनी किनाऱ्याकडे ओढायचं लांबच लांब जाळं. त्यात विधवा बाईचाही वाटा असतो, ओढायला हात लावणाऱ्या पोराचाही. माथानी साल्ढाणा यांच्या पुढारीपणाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. ट्रॉलरना किनाऱ्यापासून लांब ठेवणारा कायदा आला तो १९८० मध्ये, ताईंचं सरकार गेल्यावर. ज्यांच्या मतांवर पक्ष उभा होता त्यांच्यातलेच गरीब दारात उभे होते आणि सरकारनं दार उघडायला उशीर केला, असंच म्हणावं लागेल. बसभाड्यात निम्मी सवलत मागणाऱ्या विद्यार्थ्यांचं आंदोलनही याच सुमाराचं, १९७८-७९ चं. तेही सरकारला नीट हाताळता आलं नाही.

१९७७ मध्ये ताई पुन्हा निवडून आल्या खऱ्या, पण बहुमत काठावरचं होतं. एप्रिल १९७९ मध्ये विधानसभेत पक्षातलेच काही आमदार फुटले, सरकार पडलं आणि राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो पक्ष कोसळला. मुख्यमंत्री झाले प्रतापसिंह राणे, एकेकाळचे बांदोडकरांच्याच मंत्रिमंडळातले. ताई काँग्रेसमध्ये गेल्या, तिथे रमल्या नाहीत, बाहेर पडून वडिलांच्या नावानं वेगळा पक्ष काढला, तो चालला नाही, परत मगोत आल्या. ही आठ-दहा वर्षं पटकन ओलांडलेली बरी. त्यांच्या चाहत्यांनाही ती फारशी आठवत नाहीत.

दरम्यान भाषेचा प्रश्न पेटला होता. साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८५ पासून राजभाषेसाठी आंदोलन उभं राहिलं, ८६ च्या शेवटी दंगली झाल्या, माणसं मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला: कोंकणी राजभाषा, आणि मराठीचा सरकारी कामकाजात वापर करण्याची तरतूद. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं. ताई अर्थातच मराठीच्या बाजूला होत्या, आणि कोंकणी चळवळीच्या दृष्टीनं त्या विलीनीकरणवाद्यांच्या जुन्या पुढारी.

१९९० मध्ये काँग्रेस फुटली, मगोच्या आधारानं आघाडीचं सरकार आलं आणि ताई शिक्षणमंत्री झाल्या. सरकार काही महिनेच टिकलं, पण त्या थोडक्या दिवसांत एक निर्णय झाला, ज्याभोवती गोव्याचं राजकारण पुढची पंचवीस वर्षं फिरत राहिलं. सरकारी अनुदान हवं असेल तर प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मातृभाषेतून चालली पाहिजे, कोंकणी किंवा मराठी. इंग्रजी माध्यम चालवा, पण स्वतःच्या पैशानं.

यात ‘किंवा’ हा शब्द फार मोलाचा आहे. तेवीस वर्षांपूर्वी फूल आणि दोन पानं यांतून एक निवडा असं म्हणणारं राजकारण, त्याच घरातली मुलगी आता म्हणत होती, दोन्हींतली कुठलीही चालेल. माझ्या आजोळच्या गुरुजींच्या फळ्याची डावी बाजू पुसायची गरज उरली नाही. चर्चच्या शाळांची संख्या मोठी, त्या तोवर इंग्रजीत चालत. अनुदान सोडणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी कोंकणी माध्यम घेतलं, तेही देवनागरी लिपीत. साष्टीतली ख्रिस्ती मुलं, ज्यांच्या घरात कोंकणी रोमी लिपीत वाचली जाई, ती देवनागरी बाराखडी गिरवू लागली. कोंकणी शाळांना सगळ्यात मोठा हात दिला तो मराठीवादी मंत्रीणबाईंनी, हे कोंकणीवाल्यांतले काही जण मोकळेपणानं कबूल करतात, काही नाही.

पण आईबापांच्या मनातलं कुठल्याही परिपत्रकानं बदलत नाही. चौथीपर्यंत कोंकणी किंवा मराठी आणि पाचवीला एकदम इंग्रजी, या उडीची पालकांना धास्ती होती. ती धास्ती खोटी नव्हती. पाचवीत नापास झालेलं पोर घरी बसतं ते गरिबाचं; पैसेवाल्याचं पोर पहिल्यापासूनच विनाअनुदानित इंग्रजी शाळेत असतं. शिवाय या धोरणाचा आग्रह धरणाऱ्यांतल्या कितीजणांची मुलं कुठल्या माध्यमात शिकली, हा प्रश्न चौकाचौकांत विचारला जायचा आणि त्याला उत्तर मिळायचं नाही. ‘फोर्स’ या पालकांच्या संघटनेनं आंदोलन केलं आणि २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला.

तेव्हा ताई शहात्तर वर्षांच्या होत्या. त्या बाहेर पडल्या. भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि त्याच्या अग्रभागी त्या होत्या. त्याच व्यासपीठावर संघाचे सुभाष वेलिंगकर होते, आणि होते उदय भेंब्रे, ‘ब्रह्मास्त्र’वाले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी भेंब्रे यांच्या लेखणीनं बांदोडकरांचं विलीनीकरण हाणून पाडलं होतं. आता बांदोडकरांची मुलगी आणि भेंब्रे शेजारच्या खुर्च्यांवर बसून एकच मागणी करत होते, पोराला पहिलीचं पुस्तक त्याच्या भाषेतलं द्या. गोव्याबाहेरच्या माणसाला या फोटोचं महत्त्व समजावून सांगताना नाकी नऊ येतात. साठच्या दशकातल्या गोव्यात ज्यांच्या घरातल्या भावाभावांनी या वादापायी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही.

विरोध करणाऱ्या पक्षांनी सत्तेवर आल्यावर निर्णय फिरवावा अशी मंचाची अपेक्षा होती. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांचं सरकार आलं आणि त्यानं अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच ठेवलं. मंच आता आपल्याच माणसांविरुद्ध उभा राहिला. २०१५-१६ मध्ये पुन्हा सभा, पुन्हा धरणी. ताईंची तब्येत साथ देत नव्हती, तरी त्या येत. बोलायला उभ्या राहिल्या की शिक्षणमंत्री असताना काय ठरवलं आणि का ठरवलं, तेच पुन्हा सांगत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वेलिंगकरांना संघानं जबाबदारीतून मुक्त केलं, ऑक्टोबरमध्ये मंचातून गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला. त्याच महिन्यात, २८ ऑक्टोबर २०१६ ला, ताई पणजीत वारल्या. वय एक्क्याऐंशी.

पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. गोवा सुरक्षा मंच, मगो आणि शिवसेना एकत्र लढले. सुरक्षा मंचाला एकही जागा मिळाली नाही. मगोला तीन मिळाल्या, आणि मार्चमध्ये तो पर्रीकरांच्या सरकारात सामील झाला. इंग्रजी शाळांचं अनुदान चालू राहिलं. पेडण्यातल्या ज्या सरकारी मराठी शाळा भाऊंनी उघडल्या होत्या, त्यांतल्या काहींत आता दोन इयत्ता एकाच खोलीत एकाच बाईंपुढे बसतात, कारण मुलंच तेवढी. अंगणातून पिवळी बस जाते ती म्हापशाच्या इंग्रजी शाळेची, आणि ती थांबते मुंडकार कायद्यानं नावावर झालेल्या, चिऱ्याच्या, मंगळुरी कौलांच्या घरासमोर.